खोकलेआजोबांचा उजवा हात

माझे मामा टेलिव्हिजनच्या सुरुवातीच्या काळातले बाहुलीवाले. त्यांच्या बाहुल्याचं नाव खोकलेआजोबा. एकदा थेट प्रक्षेपणात मामांना ठसका लागला, तो त्यांनी बाहुल्याच्या नावावर खपवला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. मामांचा एक हात आजोबांच्या डोक्यात, दुसरा त्यांच्या डाव्या बाहीत. उजवी बाही मामीची. दोघं टेबलामागे खाली, खांद्याला खांदा लावून बसत आणि जमिनीवरच्या मॉनिटरमध्ये पाहून बाहुला हलवत.

मॉनिटर म्हणजे आरसा नव्हे. आपण उजवीकडे सरकलो की त्यातलं चित्र डावीकडे सरकतं. बाकीचे बाहुलीवाले हळूहळू सरावले. मामा कायम गडबडत. मग मामी कोपर मारून ओठांतल्या ओठांत म्हणे, "उलटं!"

मामी गेली. निर्माते म्हणाले, "मामा, उजव्या हाताला दुसरं कुणीतरी घ्या. टाळी एका हाताने वाजत नाही."

"मग टाळी नको. खिशात हात घालून बोलतील आजोबा."

"जमलं तर ठीक. नाहीतर कार्यक्रम बंद करावा लागेल."

कपडेपटातल्या बाईंनी उजवी बाही कोटाच्या खिशात टाचून दिली. "आजोबा अगदी साहेब झाले हो," त्या म्हणाल्या. मामा हसले नाहीत. मामीच्या जागी त्यांनी कुणाला बसू दिलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही घरी टीव्हीसमोर बसलो होतो. निवेदिकेने प्रश्न विचारला आणि आजोबा तिच्याकडे वळण्याऐवजी भलतीकडेच वळले. तिथे कुणीच नव्हतं. ते बघतच राहिले. निवेदिकेचं हसू ओठांवर गोठलं. माझी आई पुटपुटली, "दादा, अरे वळ ना."

तेवढ्यात आजोबांचं तोंड हललं. "उलटं!"

आवाज बाईचा होता. आजोबा झटकन वळले, खोकले आणि कार्यक्रम पुढे गेला.

निर्माते जाम खूश. "काय आवाज काढलात, मामा! दर वेळी घ्या हे."

"मी काढला नाही," मामा म्हणाले. सगळे हसले. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आई मात्र हसली नाही. भावजयीचा आवाज तिच्या ओळखीचा होता.

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात मामा एकदा मुद्दाम चुकत. आजोबांना त्या रिकाम्या जागेकडे वळवत आणि थांबत. मामांनी स्वतः कधी तो शब्द उच्चारला नाही, आणि दुसरं कुणी बोललं नाही. थांबणं वाढत गेलं. "आजोबा कुणाला शोधतात?" शेजारची मुलं आम्हाला विचारू लागली.

एक दिवस मामांनी स्वतःच खिशातली टाचणी काढली. कपडेपटातल्या बाईंना शेजारी बसवलं आणि उजवी बाही त्यांच्या हाती दिली.

"जमेल ना हो मला?" बाईंनी विचारलं.

"जमेल. फक्त एक करा. मी चुकलो तर बोलू नका."