बुद्धरत्नची पक्कड

आमच्या शाळेचा क्लार्क बुद्धरत्न याच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं. पेन तो माझं वापरतो. त्याच्या खिशात असते ती अंगठ्याएवढी घडीची पक्कड. उघडली की तिच्यातून चाकू निघतो, कात्री निघते, स्क्रू-ड्रायव्हर, कानस आणि एक आकडा, ज्याचं काम काय हे त्यालाही ठाऊक नाही. पोलादपुरात कुणाच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला, कुणाच्या पायात काटा मोडला, विहारातल्या माइकची वायर तुटली, की बुद्धरत्नला बोलावणं जातं. तो येतो, बघतो आणि आधी निकाल देतो. "हलकं काम हाय, करतो." नाहीतर, "भारी काम हाय, मिस्त्री बोलवा." माझ्या खुर्चीचा पाय त्याने भारी ठरवला. चार महिने मी ती भिंतीला टेकवून बसतो आहे.

पक्कड त्याला रऊफने दिली. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. रऊफ बारा वर्षं मस्कतला होता. नोकरी सोडून आला तेव्हा त्याने सगळ्यांना अत्तर वाटलं आणि बुद्धरत्नला ही पक्कड आणली. रऊफची बायको शरिफा लगेच म्हणाली, "हातात नका देऊ. खाली ठेवा, ते उचलतील. धारेची वस्तू हातात दिली की भांडण होतं."

कात्री-सुरी हातात देऊ नये, हे आमच्याकडे सगळ्याच घरांत पाळतात. बुद्धरत्न मात्र अंधश्रद्धेवर दरवर्षी विहारात भाषण करणारा माणूस. भाषण लांबतं, पण ते असो. त्याने हात पुढे केला. "भाभी, आम्ही मानत नाय."

रऊफने हसत हसत पक्कड त्याच्या तळहातावर ठेवली.

पुढे रऊफने टेम्पो घेतला. एका दुपारी उमरठला पोचवायचे पत्रे भरून टेम्पो नाक्यावर उभा होता आणि मागच्या फाळक्याची खिट्टी अडकली. मी आणि बुद्धरत्न समोरच चहा पीत होतो.

"दे रे जरा पक्कड," रऊफ म्हणाला.

बुद्धरत्नने जाऊन खिट्टी बघितली. "भारी काम हाय. मोडंल ती."

"मोडंल तर मोडंल. दिली कुणी?"

"दिलीस ना? मग आता माझी हाय."

एवढंच. पन्नाशीला टेकलेल्या त्या दोघांच्या कानाखाली काढावीशी मला वाटली. पण चहा गार होत होता.

दीड वर्ष अबोला चालला. मिटवायचं तर आधी भांडण झालं हे कबूल करावं लागणार, आणि ते केलं की शरिफाचं म्हणणं खरं ठरणार. त्यामुळे कुणी विचारलं की बुद्धरत्न म्हणायचा, "भांडण कुठं हाय? बोलणं बंद हाय फक्त." ईदच्या दुसऱ्या दिवशी शाळेत रऊफकडचा शिरखुर्म्याचा डबा आला नाही, त्या दिवशी त्याने स्वतःचाही डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं. निम्मा डबा मी त्याच्यापुढे सरकवला, तोही तसाच राहिला.

मग कळलं की टेम्पो विकून रऊफ पुन्हा मस्कतला निघालाय, निदान तीन वर्षांसाठी. बुद्धरत्न म्हणाला, "जाऊ दे." आणि एकाच दाखल्यावर तीनदा शिक्का मारला.

निघायच्या दिवशी शरिफाचा मला फोन आला. "सर, बॅगेची चेन गेली. गाडी दारात उभी हाय. तुमच्या त्या क्लार्कना सांगाल काय?"

मी बुद्धरत्नला सांगितलं. "हलकं काम की भारी?" असं मी विचारेपर्यंत तो माझ्या स्कूटरवर मागे बसलेला होता.

बॅग घराच्या मधोमध पडली होती, तिच्यातून सुकटीच्या पिशव्या डोकावत होत्या. रऊफ शेजारी उभा. बुद्धरत्नने मांडी घातली, चेनचा रनर पकडीने दाबून बसवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून बघितला.

"हलकं काम होतं," तो बॅगेला म्हणाला.

मग त्याने पक्कड मिटली, रऊफपुढे हात केला, आणि थांबला. हात खाली नेऊन त्याने ती रऊफच्या पायाशी फरशीवर ठेवली. "ने. तिकडं चेन गेली तर कोण बघंल?"

शरिफाने ओढणी तोंडाला लावली. रऊफ म्हणाला, "तू तर मानत नाय ना?"

"नाय मानत." बुद्धरत्नने बॅगेची चेन पुन्हा एकदा ओढून बघितली. "पण आता परत भांडण झालं तर मिटवायला तू हितं नसशील."

रऊफने वाकून पक्कड उचलली. उघडली, मिटली. मग ती परत फरशीवर ठेवून बुद्धरत्नकडे सरकवली.

"तुझ्याकडंच ठेव," तो म्हणाला. "मी परत आलो की हातात दे. तेव्हा भांडायला येळ असंल."

बुद्धरत्नने पक्कड खिशात घातली. डोळे पुसायला तिच्यात काहीच नव्हतं, म्हणून मी माझा रुमाल दिला. तो मात्र हातातच दिला.