खफजीची रिकामी पट्टी

"इक्बालभाई, सही करून टाका. पट्टी रिकामी आहे, दिसतंय ना?" गाडीतून उतरताच नाईक सर म्हणाले.

दिसत तर रिकामीच होती. सौदीतल्या अल खफजीजवळचा किनारा, पाणी दूरवर मागे गेलेलं, समोर चिखलाचं मैदान. आम्ही उभे होतो ती जमीन जराशी उंच, मिठाने पांढरी पडलेली. क्लायंटला जेटीसाठी समुद्रतळ खोदायचा होता आणि निघालेला गाळ याच पट्टीवर टाकायचा होता. त्याच्या मंजुरीसाठी पक्षीतज्ज्ञाची सही लागते. दम्मामच्या आमच्या कन्सल्टन्सीत तो तज्ज्ञ मी, आणि नाईक सर माझे साहेब. आधीच्या कन्सल्टंटने ओहोटीच्या वेळी येऊन 'पक्षी आढळले नाहीत' असं लिहून मोकळं व्हायचं काम केलं होतं. नाईक सरांना तेच पुढे पाठवायचं होतं.

मला त्याचा रागच आला. रत्नागिरीत खाडीकाठी वाढलेल्या माणसाला एवढं कळतं, की चिखलावर चरणारा पक्षी भरतीला कुठेतरी कोरड्यात उभा राहतो. इथे एका बाजूला क्लायंटचं यार्ड, दुसऱ्या बाजूला हायवे. उंच जागा उरली होती ती हीच. तिच्यावर गाळ पडला की संपलं.

"सर, भरती चढतेय. थोडं थांबू."

"क्लायंट थांबेल का?"

क्लायंटचे इंजिनियर अबू सौद तोवर गाडीतून गालिचा काढत होते. घड्याळ बघत होते, पण पाहुण्याला काहवा, म्हणजे अरबी कॉफी, न पाजता परत पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. थर्मास आला, खजूर आले. इथली रीत अशी, की पाहुणा हातातला छोटा कप हलवत नाही तोवर यजमान ओततच राहतो. नाईक सरांनी दुसऱ्याच कपाला हलवून दाखवला. मी काही हलवला नाही.

"कुठले पक्षी येतात इथे?" अबू सौदनी विचारलं.

"उत्तर ध्रुवाकडचे. तिथल्या टुंड्रात उन्हाळ्यात अंडी घालतात आणि थंडीत इकडे येतात."

"टुंड्रा म्हणजे बर्फाचं वाळवंट ना? सगळं सारखंच."

"तुमचं वाळवंट सगळं सारखं आहे का?"

ते हसले. मग मी सांगू लागलो. टुंड्रात झाडं नसतात म्हणून लांबून ती एकसारखी वाटते. पण डनलिन नावाचा छोटा पक्षी घरटं करतो दलदलीतल्या गवतात. ग्रे प्लोव्हर, म्हणजे आपल्या चिखल्याचा भाऊबंद, त्याला कोरडा उंचवटा लागतो. दगड उलटून किडे खाणारा टर्नस्टोन किनाऱ्याजवळची खडकाळ जागा धरतो. जागा बदलली की शेजारी बदलतात. इथेही ते असेच वाटून राहतात, कुणी चिखलात, कुणी खडकात. म्हणून एका ठिकाणी एकदाच बघून सर्व्हे होत नाही. फक्त भरतीला सगळ्यांना एकाच जागी यावं लागतं.

"तुम्ही काहवा पीत नाही आहात," अबू सौद ओतता ओतता म्हणाले. "तुम्ही वाट बघताय."

"हो," मी म्हटलं.

पाणी जवळ आलं तसे आधी डनलिन आले, थव्याने. मग ग्रे प्लोव्हर, एकेकटे. किनाऱ्यावरच्या खडकांवरून टर्नस्टोन उठले आणि तेही इथेच उतरले. आमच्यापुढची पट्टी बघता बघता भरून गेली. सगळे वाऱ्याकडे तोंड करून गुपचूप उभे. मी कितीतरी वेळा पाहिलंय हे, तरी बरं वाटलं. तेव्हा कुठे मी कप हलवला.

अबू सौदनी थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाले, "माझे उंट चरतात एकीकडे आणि बसतात दुसरीकडे. बसायची जागा काढून घेतली तर चरायलाही येणार नाहीत."

गाळ यार्डामागच्या जुन्या खड्ड्यात टाकायचं ठरलं. ट्रकचा फेरा वाढला म्हणून नाईक सर परतीच्या वाटेवर मला डिझेलचा हिशेब ऐकवत राहिले.

मे महिन्यात अबू सौदचा फोन आला. "सगळे गेले. पट्टी रिकामी आहे. आता टाकू का गाळ?"

"अबू सौद, पुढच्या महिन्यात मीपण सुट्टीवर गावी जातोय. माझी खोली कुणाला देणार का?"

पलीकडून आधी हसू आलं आणि मग "खलास", म्हणजे विषय संपला.

आता कुणी जागा रिकामी आहे म्हणालं, की मी दोनच गोष्टी विचारतो. किती वाजता बघितली, आणि कुठल्या महिन्यात?