रिकामं ठेवायचं घर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. हजला गेलो तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं — अल्लाला ठाऊकच आहे म्हणून तिथंही गिळलं. आज तुमच्यापाशी बसलोय. मध्येच थांबलो तर घाई करू नका, एवढंच.

सौदीत, तबूकच्या बाहेर माझ्या कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा त्या मालकाची, शेतवाडी आहे. खजूर, ऑलिव्ह, थोडी द्राक्षं. मी तिथला ड्रायव्हर, मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. कफीलला सगळे अबू नासिर म्हणतात. माणूस दिलदार आणि नाद एकच — जुनी, वापरलेली रिव्हॉल्व्हरं. कोरं हत्यार त्याला फुकट दिलं तरी नको. कुणी म्हातारा शौकीन वारला, त्याचा संग्रह निघाला, की हा परवान्याचे कागद घेऊन चारशे मैलांवर जाणार आणि मी गाडी हाकणार. तिथं तो भाव करायच्या आधी हत्यार कानाशी धरायचा, चक्र हळूहळू फिरवायचा, खटका ऐकायचा. मुठीचं लाकूड कुठं झिजलंय ते अंगठ्याने चाचपायचा. म्हणायचा, आधीच्या मालकाचा हात इथं होता, बघ.

मी हसायचो. मग हळूहळू मलाही नाद लागला. दोष कुणाला देऊ?

माझा त्यांना हात लागणं खरं तर चूकच होतं. परदेशी माणसाच्या हातात काडतूस सापडलं तर इकामा, म्हणजे राहायचा परवाना, राहतो बाजूला, थेट तुरुंग. पण शेतावर एका परदेशी माणसाला मालकाने ही मोकळीक दिली होती — कासमचाचांना. आमच्याच गावचे. मला व्हिसा त्यांनीच मिळवून दिला, विमानतळावर घ्यायलाही तेच आले होते, हातात डब्यात भात आणि सुकटीची चटणी. अबू नासिरच्या वडिलांच्या काळापासून हत्यारं पुसायची ती त्यांनीच. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मालक आणि त्याचे दोस्त टेकाडापाशी डबे मांडून नेम धरायचे, आणि भरलेलं रिव्हॉल्व्हर तबकात ठेवून द्यायचे ते कासमचाचा.

त्यांचा एक नियम होता. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांची सहा घरं असतात, पण भरायची पाचच. ज्या घरावर घोडा टेकलेला असतो ते रिकामं ठेवायचं. का? तर तसलं जुनं हत्यार हातातून पडलं आणि घोड्याला ठोकर बसली, तर चाप न ओढताही गोळी सुटते. "सहावं घर अल्लाचं," चाचा म्हणायचे. "त्यात आपण काय ठेवायचं नाय."

पुढं त्यांना दिसेनासं झालं. मोतीबिंदू की आणखी काही, कोण जाणे. मालकाला कळलं तर घरी पाठवील, म्हणून झाकली मूठ ठेवली. भरायचं काम गुपचूप माझ्याकडे आलं. मी पाच भरायचो, ते शेवटी चक्र बोटांनी फिरवून रिकामं घर घोड्याखाली आणायचे, फडक्याने पुसायचे आणि तबकात ठेवायचे. रिकाम्या घरावर मी बाहेरून मेणाचा ठिपका लावायचो; ती खूण ओळखायला त्यांची बोटं चुकत नसत.

त्या शुक्रवारी मालकाने नवीन घेतलेलं — म्हणजे जुनंच — एक रिव्हॉल्व्हर निघणार होतं. मुठीवर कुणीतरी चाकूने खजुराचं झाड कोरलेलं. इतकं सुंदर हत्यार मी पाहिलं नव्हतं. सगळे मशिदीत गेले. मी पोट दुखतंय म्हणून मागं राहिलो. जुम्मा चुकवला. कशासाठी? एक गोळी उडवायला.

उडवली. डबा उडाला. हात कोपरापर्यंत थरारला आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग रस्त्यावर गाडीची धूळ दिसली. रिकामं टरफल काढलं आणि घाईत समोर जी घरं रिकामी दिसली ती भरली. सगळी. सहाच्या सहा, ठिपक्याखालचंही.

चाचा आले. "पाच?" त्यांनी विचारलं.

"पाच," मी म्हणालो. तोवर मलाही तसंच वाटत होतं, शपथेवर सांगतो.

पुढचं पटकन सांगतो. मालकाने तबकातून उचललं, फडकं सरकलं, रिव्हॉल्व्हर फरशीवर पडलं. आवाज झाला. अबू नासिर गुडघा धरून खाली बसला, आणि पांढऱ्या थोबवर, त्या लांब झग्यावर, रक्त पसरत गेलं.

पण माझा गुन्हा हा नव्हे. हा अपघात होता, असं मी म्हणू शकलो असतो. सगळे मालकाला गाडीत घालत होते तेव्हा मी ते हत्यार उचललं, उघडलं. एक उडालेलं, पाच जिवंत. सगळं कळलं. आणि त्यातलं एक मी काढून खिशात टाकलं. मग उरली चार. आता कुणीही मोजलं असतं तर पाचच भरली होती असं दिसलं असतं. ते काडतूस मी खजुराच्या बुंध्याशी पुरलं.

संध्याकाळी चाचा माझ्या खोलीत आले. पलंगाच्या कडेला बसले. "पोरा, खरं सांग. पाचच भरलीस ना?"

"पाचच, चाचा," मी म्हणालो. "पण शेवटी चक्र तुम्ही फिरवलंत ना?"

त्यांनी आपले हात डोळ्यांपाशी नेले. किती वेळ पाहत होते! "डोले गेले होते," ते म्हणाले, "आता बोटं पन गेली."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच मालकापुढं गेले. डोळ्यांचं सांगितलं, चूक कबूल केली. माझं नाव काढलं नाही. मालकाने पोलिसांना गोळी स्वतःच्याच हातून उडाली असं सांगून चाचांना वाचवलं, पण घरात ठेवलं नाही. महिन्याभरात कायमचा एक्झिट देऊन गावी पाठवलं. विमानतळावर मीच सोडलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

हत्यारांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.

गावाहून दर शुक्रवारी त्यांचा फोन यायचा. एकच प्रश्न: मालक नीट चालतो का? तो लंगडतो. मी म्हणायचो, बरा आहे. एकदा म्हणाले, माझ्यासाठी त्याच्याकडं माफी माग. मी मागितली. अबू नासिर म्हणाला, "खलास. त्याला सांग, मी दिलसे माफ केलं."

मी फोन लावला आणि सांगितलं. कासमचाचा रडले. मग माझ्या मुलाबाळांना दुवा दिल्या, मलाही दिल्या. त्यानंतर दोन वर्षं जगले. ती माफी माझी होती. मी ती त्यांना नेऊन दिली, आणि मरेपर्यंत ते माझे आभार मानत राहिले.