वाढ खुंटते म्हणे

बोन्साय घरात ठेवलं की घरातल्यांची वाढ खुंटते, असं माझ्या आत्याचं मत आहे. हे तिला मोबाइलवर कळलं. मोबाइलवर कळलेलं ती वेदातलं असल्यासारखं सांगते आणि आमच्याकडे तिच्याशी कुणी वाद घालत नाही. मी तर कुणाशीच घालत नाही.

माझं पाइनचं झाड मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत असतं. कॉलेजच्या सहलीत पहाडातून आणलं तेव्हा बोटाएवढं होतं. नागपुरात पाइन म्हटल्यावर सगळे हसले. जगतं. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधायची, मातीऐवजी विटांचा जाड चुरा आणि वाळू घालायची, मुळं चिखलात बसू द्यायची नाहीत. फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून हळूहळू वळण द्यायचं आणि तार रुतायच्या आत सोडवायची. थंडी सरली की टोकांना मेणबत्त्यांसारखे उभे कोंब येतात. ते कुठे खुडायचे यावर झाडाचा आकार ठरतो. त्या कोंबांची मी वर्षभर वाट बघते.

शेजारच्या काकूंनी हे झाड बघून महिला दिनाला कविता वाचली होती. मुलगी म्हणजे बोन्साय, तिलाही तारेत आवळतात वगैरे. टाळ्या पडल्या. झाडाला पाणी कधी घालतेस, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत मला बघायला पाहुणे येणार होते. आत्या रामटेकहून आदल्या दिवशीच येऊन बसली. बाल्कनीत गेली आणि ओरडली, "काहून वं, इतक्या वर्षांचं झाड अन् एवढुसंच? म्हणूनच तुझं जमून नाही राह्यलं!"

दुसऱ्या दिवशी आई मला साडी नेसवत असताना माझं लक्ष बाल्कनीकडे गेलं. कुंडी रिकामी होती.

"मोकळं केलं त्याले," आत्या म्हणाली. "बिचारं केव्हाचं वायरात आवळून होतं. खाली बगिच्यात लावलं. हळदकुंकू वाह्यलं, बादलीभर पाणी टाकलं. आता पाह्य कसं सरासरा वाढते!"

खाली म्हणजे काळ्या मातीत. ती माती कापसाला चांगली. एकदा भिजली की दिवसेंदिवस ओली राहते, आणि पाइनची मुळं त्यात गुदमरतात. मी स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं आणि निघाले.

"पाहुणे येऊन राह्यले ना वं!" आत्या जिन्यापर्यंत मागे आली.

मी उकिडवी बसून चिखल उकरत होते तेव्हा गाडी थांबली. गॉगल लावलेल्या एक बाई उतरल्या. मुलाची आई.

"ते मुलगी बघायचा कार्यक्रम आहे, ते घर कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या," मी मान वर न करता सांगितलं.

झाड परत कुंडीत बसवलं आणि थोड्या वेळाने पोह्यांचा ट्रे घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी माझी नखं पाहिली, मग चेहरा. "हिला बागकामाची फार आवड," आई म्हणाली. मुलगा फोनमध्ये होता.

निरोप आला तो असा: मुलगी चांगली आहे, फक्त उंचीत जरा कमी पडते.

आत्याने मांडीवर थाप मारली. "पाह्य! मी म्हणत होती का नाही? खुंटली पोरगी!"

माझं तिकडे लक्ष नव्हतं. मेलेलं पाइन बरेच दिवस हिरवंच दिसतं, वरून काही कळत नाही. मी रोज फक्त टोकं बघायचे. बहुतेक टोकं वाळली. होळी झाल्यावर एका फांदीवर कोंब उठला, मग दुसरीवर. त्या वर्षी मी एकही खुडला नाही. झाडात तेवढी ताकद नव्हती. कोंब वेडेवाकडे लांबले आणि इतक्या वर्षांचा आकार बिघडला.

उन्हाळ्यात आत्या परत आली, ते लांबलेले कोंब बघून हरखली. "पाह्य, एका बादलीनं कसं वाढलं! आता तुझंबी जमते."

मी वाद घातला नाही. चहा दिला. बाल्कनीच्या दाराला आता कुलूप असतं, आणि किल्ली माझ्याकडे.