यशू चालली का?

लहान लेकराची दुपटी कितीही धुतली तरी बादलीत दोन उरतातच. किस्स्यांचंही तसंच आहे बाप्पा! एक सांगून संपवावा तर आतून दुसरा आवाज देतो. त्यात मी पडले अंगणवाडी सेविका. अठ्ठावीस वर्षांत गावची सगळी पोट्टी माझ्या वजनकाट्याला लटकून गेली. त्यामुळं माझ्याएवढे किस्से गावात दुसऱ्या कोणाकडं असतील असं मला वाटत नाही. थोडा गर्व आहे. असू द्या!

पण आजचे किस्से गावच्या लेकरांचे नाहीत, घरचे आहेत. माझ्या नातीचे.

आमचं गाव जामच्या चौरस्त्यापासून चार-पाच किलोमीटर आत. इथल्या प्रत्येक बाळंतिणीकडून मी तक्ता पाठ करून घेतलाय. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरणं, सातव्या-आठव्यात बसणं, मग धरून उभं राहणं, वर्षाच्या आसपास पाऊल. जिचं लेकरू मागं राहिलं, तिच्या घरी माझी चक्कर ठरलेली. अन् माझी स्वतःची नात? ती आठव्या महिन्यातच जन्माला आली! तक्ता-बिक्ता काही न विचारता!

बावीस दिवस वर्ध्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पोरगी चिवट आहे. पण हिचं सगळं उशिरा होईल. आपल्या पायानं चालली की काळजी सोडा. तोवर दर महिन्याला दाखवायला आणा." आमच्या गावाहून वर्धा सोयीचं, म्हणून माझी लेक स्नेहल बाळाला घेऊन माझ्याकडंच राहिली. ती शाळेत शिकवायची, अन् आठवा महिना लागेपर्यंत रोज एसटीनं जा-ये केलेली. त्याचाच दोष ती स्वतःला द्यायची. तोंडानं बोलायची नाही, पण आईला कळतं.

अन् पाहुण्यांचं म्हणाल तर दारात चप्पल काढता काढता पहिला प्रश्न. "चालली का?" अरे, आधी पाणी तर प्या!

*

नाव ठेवायला आर्वीहून विहीणबाई, म्हणजे स्नेहलच्या सासूबाई, वीस माणसं घेऊन आल्या. जय भीम झाला, वंदना झाली, अन् विहीणबाईंनी नाव जाहीर केलं. यशोधरा!

तेव्हा पोरीचं वजन दोन किलोसुद्धा नव्हतं. आमच्या घरचे, ज्यांना आता सगळे आबाजी म्हणतात, ते पाळण्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इहीनबाई, नाव पोरीपेक्षा भारी झालं नं!"

विहीणबाईंनी पदर खोचला. "मंग पोरगी वाढवा नं! नाव कायले कमी करता?"

*

वाढवायची म्हणजे वजन करत राहायचं. अंगणवाडी सुटली, पोरं घरी गेली की मी यशूला काट्याला टांगायची. वजनाच्या तक्त्यावर तीन रंग असतात, लाल, पिवळा अन् हिरवा. आमची यशू लाल रंगात. ही बातमी आर्वीला पोचली अन् विहीणबाईंच्या जिवाला लागली. आमच्या घराण्याची पोरगी लालमध्ये म्हणजे काय?

पुढच्या महिन्यात त्या सकाळीच हजर. "आज लेकराले मी तयार करते," म्हणाल्या. मी यशूला झोळीत घातली, काटा टांगला, अन् काटा असा पळाला की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एका महिन्यात एक किलोच्या वर! अठ्ठावीस वर्षांत असं लेकरू मी पाहिलं नाही.

झबलं वर केलं. पायात चांदीचे वाळे, दोन जोड. कमरेला चांदीचा करदोटा. हातात बिंदल्या. अन् ऐन मे महिन्यात आत दोन स्वेटर! पोरगी घामानं न्हालेली.

"इहीनबाई, मले पोरीचं वजन कराचं हाय, सोनाराच्या दुकानाचं नाई!"

विहीणबाई जराही लाजल्या नाहीत. "मी कुठं लबाडी केली? हे सारं तिचंच हाय!"

सगळं उतरवून पुन्हा वजन केलं. तरीही चारशे ग्रॅम वाढलं होतं अन् यशू पिवळ्यात आली होती. आम्ही दोघींनी तीन-तीनदा काटा पाहिला. मग विहीणबाईंनीच सगळ्या गल्लीला सांगून टाकलं.

*

यशूची एक खोड होती. पाहुण्यांसमोर काही म्हणजे काही करायची नाही. नवव्या महिन्यात बसायची तिची तयारी दिसत होती, म्हणून आर्वीची सहा माणसं दिवसभर तिच्याभोवती गोल करून बसली. टाळ्या वाजवल्या, खुळखुळा वाजवला, जवाईबापूंनी तर मांजराचा आवाज काढला. पोरगी उताणी पडून सगळ्यांची मजा बघत होती.

संध्याकाळची बस धरायला मंडळी निघाली. ती फाट्यावर पोचली असेल-नसेल, इकडं यशू बसली! एकटी, ताठ, तोंडात बोट घालून. आबाजींनी मोटारसायकल काढली अन् फाट्यावर बसला आडवे गेले. "उतरा, उतरा, बसली!" कंडक्टर घाबरला, त्याला वाटलं बसचं टायर बसलं. एकट्या विहीणबाई उतरल्या. मोटारसायकलवर मागं बसून, पदर सांभाळत परत आल्या.

यशू झोपलेली.

विहीणबाई रात्रभर राहिल्या, सकाळी चहा घेऊन गेल्या, अन् जाताना मला ठणकावून सांगून गेल्या, "माह्या डोळ्यानं पाहीन तवाच खरं समजीन!"

*

आबाजींचं जामच्या चौरस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे. माणूस घरात दिवसाला दहा शब्द बोलतो, बाकीचे सगळे दुकानात. हैदराबाद-जबलपूर जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या तिथं थांबतात. चाक खोललं की ड्रायव्हर कुठं जाणार? मग आबाजी त्याला यशूची बातमी देतात. मान धरली, पालथी पडली, सगळं.

एका दुपारी आमच्या गल्लीत भलामोठा ट्रक घुसला. हॉर्नवर हॉर्न! अर्धं गाव बाहेर आलं. वरून एक मिशीवाले सरदारासारखे भक्कम गृहस्थ उतरले अन् मला म्हणाले, "माताजी, पंक्चरवाले बाबूजी की पोती इधरिच रहती ना? पिछले फेरे में बैठने वाली थी. बैठी क्या?"

यशू ओट्यावर चटईवर बसलेली होती. त्यांनी तिला पाहिलं, दोन्ही हात जोडले, अन् ट्रकमधून जबलपूरच्या मटारचं पोतं काढून ओट्यावर ठेवलं. "दाँत आए तो खिलाना."

ट्रक मागं घ्यायला पाऊण तास लागला. मटार गावभर वाटला तरी आठ दिवस पुरला. पाहुण्यात नसलेल्या माणसासमोर आमची पोरगी बसून दाखवते, हे मात्र आम्ही आर्वीला कळू दिलं नाही.

*

वर्ष झालं. यशू उभी राहीना. गावात माझ्या तोंडावर कोणी बोलत नव्हतं, पण मला दिसत होतं की सगळ्या बाया महिने मोजून राहिल्यात. आपलाच तक्ता आपल्यावर उलटला म्हटल्यावर कसं वाटतं, ते मला विचारा.

पल्लवी नावाची एक पोरगी आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या लेकराचं वजन घसरलं तेव्हा मी तिच्या दारात, तिच्या सासूसमोर, तिला चांगलीच झापली होती. एक दिवस ती आमच्या दारात उभी. मी मनात म्हटलं, आली! आता हिशेब चुकता करणार.

तिनं मागं लपवलेला लाकडी पांगुळगाडा पुढं केला. तिच्या लेकराचा, चाकांना ताजं तेल घातलेलं.

"पल्लवी, मी त्या दिवशी तुले जास्तच बोलली होती वं," मी म्हटलं.

"बोलल्या होत्या," ती म्हणाली. "आता माही पाळी. चूप बसा, अन् पोरीले इकडं आणा!"

*

दुसऱ्या एका खेपेला आर्वीच्या मंडळींसोबत स्नेहलच्या चुलत सासूबाई आल्या. चहाचा कप हातात घेतल्याबरोबर त्यांनी विषय काढला, "आठव्या महिन्यापरेंत एसटीचे धक्के खात फिरली नं ही? मंग असंच होणार."

स्नेहल ट्रे घेऊन आत निघून गेली. माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली, पण लेकीचं सासर. गिळली.

तेवढ्यात विहीणबाईंनी कप आपटला. "अवो बाई, मी नवव्या महिन्यात कापूस वेचून राह्यली होती. हा प्रफुल्ल वावरात झाला, धुऱ्यावर, बाभळीखाली! तो काय लंगडा हाय?"

प्रफुल्ल म्हणजे आमचे जवाईबापू. समोरच पोह्याची प्लेट घेऊन बसले होते. सगळ्यांनी एकदम त्यांच्या पायांकडं पाहिलं. त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले.

"प्रफुल्ल, ऊठ! तुह्या काकूले चालून दाखव!"

अन् खरं सांगते, तो एवढा मोठा माणूस पोह्याची प्लेट हातात धरून दारापर्यंत चालत गेला अन् परत आला! आतून स्नेहलच्या हसण्याचा आवाज आला. किती महिन्यांनी ती अशी हसली होती! त्या दिवसापासून विहीणबाईंना मी मनातून मानलं.

*

आता हा शेवटचा किस्सा सांगताना माझा आवाज जरा हलतो, समजून घ्या.

यशूला सतरावा महिना लागला होता. धरून उभी राहायची, गाडा ढकलायची, पण हात सोडला की मटकन खाली. "चालली का?" या प्रश्नाला स्नेहल आता उत्तरच देत नव्हती. पाण्याचा ग्लास ठेवायची अन् आत जायची.

त्या दिवशी अंगणवाडीत पर्यवेक्षिका मॅडम तपासणीला आलेल्या. बाई कडक. साऱ्या तालुक्यात त्यांना कोणी हसताना पाहिलं नव्हतं. अन् नेमका त्याच दिवशी मी मोबाईल घरी विसरले, ज्यात अंगणवाडीची सगळी माहिती! निरोप धाडला. मॅडम पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसून खिचडीची चव घेत होत्या, तो नियमच आहे. तेवढ्यात स्नेहल धापा टाकत मोबाईल घेऊन आली, कडेवर यशू. तिनं यशूला दाराच्या चौकटीला धरून उभी केली अन् मोबाईल माझ्या हातात दिला.

मी दबक्या आवाजात तिच्यावर ओरडले, "अवं, तिले काऊन आणलं? तिचं नाव आर्वीच्या अंगणवाडीच्या यादीत हाय, इथं नाई! मॅडम बसून हायेत!"

"मंग घरी कोणापाशी ठेवू?"

मी पुढं बोलणार, तर स्नेहलच्या खांद्यावरून मला दिसलं. यशूनं चौकट सोडली होती.

एक पाऊल. थांबली, डुलली. दुसरं. आमची मदतनीस रंजना हातात पळी धरून मोजायला लागली, "तीन... चार..." जेवणारी पोट्टी घास हातात धरून बघत राहिली. कोणी हात पुढं केला नाही, कोणी हाक मारली नाही. सात पावलं टाकून यशू थेट मॅडमच्या ताटापाशी पोचली, ताटात हात घातला अन् मूठभर खिचडी तोंडात!

स्नेहल तिथंच जमिनीवर बसली. "आई, माह्यामुळं काही बिघडलं नाई नं वं तिचं?"

"नाई वं माय, काहीच नाई बिघडलं," मी म्हटलं, अन् मॅडमसमोर हमसून हमसून रडले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

रंजना भानावर आली. "बाई, कोणी व्हिडिओ काढला का?"

खोलीत चार मोबाईल होते. एकानंही काढला नव्हता. स्नेहल नाक पुसत म्हणाली, "झालं! आता आर्वीचे कोणी मानणार नाई. त्यायच्यासमोर ही थोडीच चालन!"

मॅडमनी ताट यशूपुढं सरकवलं, रुमालाला हात पुसले अन् म्हणाल्या, "शेरेबुक आणा."

शेरेबुक म्हणजे तपासणीला आलेला अधिकारी ज्यात शेरा मारतो ती वही. मोबाईल विसरला, यादीबाहेरचं लेकरू, त्यानं साहेबांच्या ताटात हात घातलेला! मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग वही माझ्याकडं फिरवली.

"आहाराची चव घेतली. चव चांगली आहे. सेविकेची नात कु. यशोधरा ही आज कोणाचाही आधार न घेता आहारापर्यंत सात पावले चालत आली. समक्ष पाहिले."

"खाली तुमची सही करा," मॅडम म्हणाल्या. "अन् पदनाम लिहा."

डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, अक्षर दिसत नव्हतं. सही केली, पदनाम लिहिलं, वही परत दिली. मॅडमनी वाचलं अन् माझ्याकडं पाहिलं. तेव्हा कुठं मी वाकून पाहिलं, तर सहीखाली मी लिहिलं होतं, "आजी".

मॅडमनी पर्समधून शिक्का काढला अन् त्याच्यावर मारला.