खेचरवाल्या मामांचं भाषण

आमच्या माजी सैनिक संघटनेच्या शाखेचं वर्ष मला तोंडपाठ आहे. जानेवारीत झेंडा, जुलैत कारगिल दिन, ऑगस्टात पुन्हा झेंडा, नोव्हेंबरात हयातीचे दाखले, डिसेंबरात ध्वजदिन. मधेच एखाद्या वीरपत्नीच्या घरी गुलमंडीतून आणलेली शाल आणि नारळ. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुंडलिकनगरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत बैठक. मी शाखेचा सचिव. फौजेत क्लार्क होतो, आणि फौजेत क्लार्कला बाबूजी म्हणतात, म्हणून इथंही मी सगळ्यांचा बाबूजीच.

याद्या करणं हा माझा पिंड. कोण कुठल्या शाळेत भाषणाला जाणार ही यादीही माझ्याच हातची. शाळांना आमच्याकडून गोळीबार हवा असतो. मुख्याध्यापिका फोनवरच बजावतात, "मुलांच्या अंगावर काटा आला पाहिजे हं!" मग मी पायदळातले, तोफखान्यातले लोक निवडायचो. हुद्दा बघायचो, छातीवरची पदकं बघायचो. तेच तेच चारजण तीच तीच लढाई सांगून यायचे. पोरं मागच्या बाकावर जांभया द्यायची, पण अहवालात छान दिसायचं.

खेचरवाले मामा माझ्या यादीत कुठंच बसत नव्हते. घर धनगराचं, जनावराची जाण लहानपणापासूनची, त्यामुळे फौजेनं त्यांच्या हातात खेचराचा लगाम दिला. सतरा वर्षं त्यांनी काश्मीरच्या डोंगरात वरच्या चौक्यांवर शिधा आणि दारूगोळा पोचवला. आता पैठण रोडवरच्या आपल्या गावाहून ते पहिल्या बसनं बैठकीला यायचे. आम्ही पोचायचो तेव्हा ते आधीच आलेले असायचे. बैठक संपली की माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे.

"बाबूजी, औंदा तरी शाळंत आमचा नंबर लावा की. लई मोठी गोष्ट नाय, धा मिनिटांची हाय. आमच्या खेचरानं बर्फात काय केलं, तेवढंच पोरांला सांगायचंय."

"मामा, पोरं हसतील हो. खेचर म्हटलं की वर्गात दंगा होईल."

"हसू द्या की. हसत्यात तवाच ऐकत्यात."

मी "बघू" म्हणालो. माझं "बघू" म्हणजे नाही, हे अख्ख्या शाखेला माहीत होतं. मामांना तेवढं माहीत नव्हतं. जुलैच्या कार्यक्रमात त्यांनी पुन्हा विषय काढला, तर मी "पाहुणे आलेत, नंतर" म्हणून त्यांना बाजूला केलं.

ऑगस्टात मात्र मी जे केलं, त्याला माझ्याकडे काही सबब नाही. झेंडावंदनाला शहागंजजवळच्या एका शाळेत आमचे सुभेदारसाहेब बोलणार होते. सकाळीच त्यांचा फोन आला, ताप आहे म्हणून. मामा शाळेच्या फाटकात माझ्यासमोर उभे होते. ब्लेझर घातलेला, दाढी गुळगुळीत, पदकं चकचकीत. ते माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "ठीक आहे, मीच बोलतो."

ज्या माणसानं चोवीस वर्षांत टाइपरायटरवरच बोटं झिजवली, तो शौर्यावर पंचवीस मिनिटं बोलला. सीमेवरची थंडी वगैरे सगळं सांगितलं. ती थंडी ज्यानं अंगावर काढली होती तो पोरांच्या मागं उभा होता, आणि भाषण संपल्यावर टाळ्या त्यानंच सुरू केल्या. परतताना मामा मला म्हणाले, "चांगलं बोलला बाबूजी." त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरात ते हयातीच्या दाखल्याला आले. यंत्रावर त्यांच्या बोटाचा ठसा उमटेना. लगामाच्या दोरानं कातडी पार गुळगुळीत झालेली. चार बोटं बदलली, तेव्हा कुठं ते जिवंत असल्याचं यंत्रानं मान्य केलं. आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्यात मला काय वाटलं कोण जाणे, मी यादी पुढं ओढली आणि त्यांच्यादेखत ध्वजदिनाच्या भाषणासमोर त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी वाकून ते दोनदा वाचलं.

ध्वजदिनाच्या पाच दिवस आधी ते गेले. सकाळी बाजेवरून उठलेच नाहीत.

शाखेच्या रिवाजाप्रमाणे आम्ही टोप्या, पदकं घालून गावी गेलो, पुष्पचक्र वाहिलं, सलाम केला. तेराव्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद भरायला मी एकटाच पुन्हा गेलो. मामी समोर बसल्या. मी अर्ज काढला, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"भाऊ, कागदाचं हुईल. आधी ती खेचराची गोष्ट सांगा."

मी पेनाचं टोपण पुन्हा लावलं.

"आमाला कधी सांगितलीच नाय त्यांनी. लई मागं लागले मी. म्हनायचे, बाबूजी शाळंत नेणार हायत, तवा तू बी चल, तिथंच ऐक. एकदा घरात सांगून शिळी नाय करायची म्हनं. तुमाला तर सांगितली असंल ना?"

खोटं बोलायचा मोह झाला. बर्फ, दरी, खेचर, माझ्यासारख्याला दहा मिनिटांची गोष्ट रचायला कितीसा वेळ लागणार? ऑगस्टात पंचवीस मिनिटांची रचलीच होती की.

"नाही मामी," मी म्हणालो. "मी कधी ऐकूनच घेतली नाही."

त्या रागावल्या नाहीत. खरोखरच कोडं पडल्यागत त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं, पहाटंच्या बसनं तिकडं येऊन ते करत काय हुते?"

खुर्च्या मांडत होते. आम्ही यायच्या आत सगळ्या खुर्च्या पुसून, ओळीत लावून ठेवत होते, आणि मी जाऊन पुढच्या ओळीत बसत होतो. एवढं तरी त्यांना सांगायला हवं होतं. मी अर्जावर मान घातली आणि मामींना त्यांची जन्मतारीख विचारली.