बहिणीचं धुराडं

किंचाओ बेटावरच्या घरोघरची धुराडी रुपेर्तो चिग्वाय साफ करायचा. अपवाद एकाच घराचा, आणि ते घर त्याच्या सख्ख्या बहिणीचं.

दोरीला दगड नि काटेरी झुडपाची मोळी बांधायची, छपरावर चढून ती धुराड्यात सोडायची आणि वरखाली ओढायची, की काजळी भसाभसा खाली. माणूस मोठा टिंगलखोर. "काय बाई, लाकडं जाळता की नवऱ्याचे ओले मोजे?" असं विचारल्याशिवाय खाली उतरायचा नाही. बायकाही त्याला शिव्या घालत घालत किसलेल्या बटाट्याची धिरडी खाऊ घालायच्या. मात्र बहिणीचं, दोमितिलाचं नाव निघालं की स्वारी गप्प.

आई गेली तेव्हा तिची लोखंडी चूल दोमितिलाने कुणाला न विचारता, बैल जुंपून आपल्या घरी नेली. "त्या चुलीच्या धुराड्याला माझा हात लागणार नाही," असं हा भर दफनभूमीत बोलून बसला आणि स्वतःच्याच शब्दात अडकला. बेटाची रीत अशी, की मदत हवी असेल त्याने दारात येऊन मागायची. मग नाही म्हणता येत नाही. बहीण येईल, मागेल, म्हणून तो वाट बघत राहिला. कितीतरी हिवाळे असेच गेले.

शेवटी एका ऑगस्टात, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, तिच्या धुराड्यातली काजळी पेटली. लाकडी घर, वर वारा. गावाने बादल्या ओतल्या, रुपेर्तोनेही ओतल्या, पण चुलीखेरीज काही उरलं नाही.

सकाळी बहीण त्याच्या स्वयंपाकघरात घोंगडी पांघरून बसली होती.

"दोमी, एका शब्दाने बोलावलं असतंस तर आलो नसतो का गं?"

"बोलावत नव्हते? तू शेजारच्या छपरावर असलास की मी चूल विझवून बसायचे. गारठून जायचे. माझ्याकडे धूर नाही, हे दिसत नव्हतं तुला?"

दिसत होतं. या बेटावर धुराडं साफ करायचं असल्याशिवाय चूल कुणी विझू देत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण बाई गावाला गेली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. वर बरंही वाटलं होतं, की आज तिला बघून मान फिरवायला नको. आता त्याची त्यालाच लाज वाटली.

घर पुन्हा उभं करू, असं गाव म्हणत होतं. दोमितिला ऐकेना. ती लेकीकडे, दूर पुन्ता अरेनास शहराला निघाली. तिथे घरं गॅसवर तापतात. धक्क्यावर ती म्हणाली, "आईची चूल तू घे. तुलाच हवी होती ना."

"मला कुठे हवी होती? नेताना एकदा विचारलं असतंस, तर मीच उचलून दिली असती."

"आणि मला तरी धुराड्याचं काय पडलं होतं, रुपेर्तो? ते कुणीही साफ करून दिलं असतं."